मधलं नाव ऱ्हियानन

मैत्रिणींनो, बाळाचं नाव ठेवणं ही फक्त आईबापाची गोष्ट नसते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. आत्या असते, दोन्हीकडच्या आज्या असतात, राशीचं अक्षर असतं, आणि आपल्या मनात असलेलं नाव शेजारच्या काकूंनी नेमकं आधीच ठेवून टाकलेलं असतं. त्यातून बाळ परदेशात जन्मलं की आणखी एक काळजी. तिथल्या शाळेतल्या बाईंना ते नाव नीट घेता येईल का?

माझी भाची कार्डिफला असते. कार्डिफ म्हणजे वेल्सची राजधानी. आपण सरसकट सगळ्याला इंग्लंड म्हणून मोकळे होतो, पण वेल्स हा वेगळा प्रदेश, त्याची भाषा वेगळी, आणि इंग्रजीशी त्या भाषेचं नातं अगदी लांबचं. रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा तिथे दोन भाषांत असतात. गेल्या वर्षी भाचीला मुलगी झाली. तिकडे जन्माची नोंद ४२ दिवसांत करावी लागते. आपल्याकडे बारशाला नाव ठरलं नाही तरी 'बाळी' म्हणून चार महिने निघतात, तिकडे तसं चालत नाही. त्यामुळे रोज फोन.

आधी 'इरा' ठरलं होतं. सुंदर नाव. पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं की तिकडचे लोक ते 'आयरा' वाचणार, आणि वेल्श भाषेत आयरा म्हणजे बर्फ! मग कुणीतरी 'माली' सुचवलं. वेल्समध्ये मुलींचं हे आवडतं नाव आहे म्हणे. पण आमच्याकडे हे नाव ऐकल्यावर भाचीच्या सासऱ्यांनी फोनवरच विचारलं की मग बागेला पाणी कोण घालणार. ते बारगळलं. शेवटी भाचीने जाहीर केलं की मुलीचं नाव 'ऱ्हियानन'. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तिला ऱ्हियानन नावाच्या एका राणीची गोष्ट सांगितली होती आणि ती तिच्या मनात बसली होती.

झालं! माझी ताई म्हणजे भाचीची आई. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिचं म्हणणं, मराठीत ऱ्ह कुठे येतो? ऱ्हासात आणि ऱ्हस्वात. दोन्हीकडे कमी होणंच. नातीच्या नावाची सुरुवात अशी कशी करायची? आणि आपलं काय नातं त्या भाषेशी? चार वर्षं नोकरीसाठी राहिलं म्हणून परक्या भाषेतलं नाव लेकीला द्यायचं? भाची रडकुंडीला आली आणि तिने मला सांगितलं, मावशी, तू लिहितेस ना, मग आईला पटेल असं काहीतरी शोधून दे.

शोधायला बसले आणि एक बाई सापडली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच नावावरून तिने आपल्या लेकीचं नाव ठेवलं होतं. आणि तीसुद्धा वेल्सची नव्हतीच. बाहेरून आलेली, लग्न करून. लेडी शार्लट गेस्ट तिचं नाव. वेल्समध्ये तिला ओळखत नाही असा शिकलेला माणूस विरळा.

शार्लट जन्मली १९ मे १८१२ रोजी, इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात, अफिंग्टनच्या मोठ्या वाड्यात. वडील उमराव. ती सहा वर्षांची असताना वडील वारले. आईने लवकरच दुसरं लग्न केलं. हे सावत्र वडील तिला कधीच आवडले नाहीत. घर मोठं, माणसं थोडी, आणि मुलीच्या जातीला शाळा नाही. तिच्या धाकट्या भावांना शिकवायला मास्तर यायचे. त्यांच्याकडून तिने लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन उचललं. तेवढ्याने भागलं नाही म्हणून अरबी, हिब्रू आणि फारसी स्वतःची स्वतः शिकली. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ती रोजनिशी लिहायची आणि ती सवय तिने ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत सोडली नाही. आपण नवीन वर्षाच्या डायरीत दुधाचा हिशोबसुद्धा फेब्रुवारीपर्यंत लिहीत नाही!

एकविसाव्या वर्षी तिने लग्न केलं. २९ जुलै १८३३. नवरा जॉन गेस्ट अठ्ठेचाळीस वर्षांचा, बिजवर, आणि वेल्समधल्या डाउलिस या गावातल्या लोखंडाच्या कारखान्याचा मालक. पैसा मुबलक, पण उमरावांच्या दृष्टीने तो 'धंदेवाला'. उमरावाच्या लेकीने कारखानदाराशी लग्न करायचं म्हणजे तिकडच्या समाजात पायरी उतरणं. काही बायकांनी तिला घरी बोलावणं बंद केलं. हे तिला लागायचं. ती काही संतमहात्मा नव्हती, मान तिला हवाच असायचा.

तर ही डाउलिसला आली. डाउलिस मर्थर टिडफिल या शहराला लागून आहे. कारखान्याला लागूनच मालकाचं घर. भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या, आकाश रात्रीही लाल, सगळीकडे काजळी. पुढे १८४५ च्या सुमाराला तिथे १८ भट्ट्या आणि सात हजारांवर कामगार होते, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या लोखंडी कारखान्यांत त्याची गणती व्हायची. जगभर रेल्वे पसरत होती, तिचे रूळ इथे घडत होते.

मला गंमत वाटली ती शहराच्या नावाची. मर्थर म्हणजे हुतात्मा, आणि टिडफिल हे एका बाईचं नाव. दंतकथेप्रमाणे ती ब्रीखन राजाची लेक. दीड हजार वर्षांपूर्वी तिला तिथे मारलं गेलं आणि गावाला तिचं नाव पडलं. म्हणजे शार्लट जिथे नांदायला आली, ते गावच मुळी कुणाच्या तरी लेकीच्या नावाचं.

आजूबाजूला सगळे वेल्श बोलणारे. मालकाच्या बायकोला ती भाषा येण्याची काहीच गरज नव्हती. नोकर तिच्याशी इंग्रजीत बोललेच असते. पण लग्नानंतर थोड्याच महिन्यांत तिने वेल्श शिकायला घेतलं. आता भाषा शिकायची हौस तिला होतीच. पण मला वाटतं, त्यात सासरी रुजायची धडपडही असणार. आपल्यातली कोकणातली मुलगी विदर्भात दिली की सहा महिन्यांत तिच्या बोलण्यात तिकडचा हेल येतो, तसंच काहीसं.

त्या भाषेत जुन्या गोष्टी होत्या. राजे, राण्या, जादू, अद्भुत कढया, रानडुकरांच्या शिकारी. मध्ययुगात हातांनी लिहिलेल्या चोपड्यांत त्या पडून होत्या. त्यांतली मोठी पोथी ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात होती. टेगिड या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या जॉन जोन्स नावाच्या विद्वान पाद्र्याने ती उतरवून काढली होती, त्याची नक्कल शार्लटला मिळाली. थॉमस प्राइस नावाचे दुसरे पाद्रीही मदतीला होते. आणि ही बाई भाषांतराला बसली. १८३८ मध्ये पहिला भाग छापून निघाला आणि १८४९ मध्ये सगळं मिळून तीन खंड झाले. वेल्श मजकूर, त्याचं इंग्रजी, आणि खाली टिपा. 'मॅबिनोगियन' हे त्या ग्रंथाचं नाव. आज जगभर या गोष्टी त्याच नावाने ओळखतात, ते तिच्यामुळे.

आता मुलांचा हिशोब बघा. १८३४ ते १८४७ या तेरा वर्षांत तिला दहा मुलं झाली. पाच मुलगे, पाच मुली. त्यातली सहा तर १८३८ नंतरची, म्हणजे भाषांतराचे भाग एकापाठोपाठ एक छापले जात असताना. शिवाय नवऱ्याच्या कारखान्याचे हिशोब, पत्रव्यवहार तीच बघायची. घरात दाया होत्या, नोकरचाकर होते, हे खरं. चूल तिला फुंकावी लागली नाही. पण बाळंतपणं तर दाया करून देत नाहीत ना! दहा वेळा ती तिलाच काढावी लागली.

तरी लोक म्हणालेच की हे हिचं काम नव्हे. त्या दोन पाद्र्यांनी केलं असणार आणि हिने नाव लावलं असणार. एका फ्रेंच विद्वानाने तर छापूनच तसं सुचवलं. तिच्या रोजनिशीत मात्र पानोपानी नोंदी आहेत, आज एवढं झालं, उद्या तेवढं करायचं. पुढे अभ्यासकांनी त्या वाचल्या आणि काम तिचंच होतं हे मान्य झालं.

आता येते मी नावांकडे. तिच्या दहा मुलांची नावं मी कागदावर लिहून काढली, फोनपाशी बसून, ताईला सांगायला. थोरली मरिया. मग आयव्हर, हे वेल्श नाव. मग कॅथरिन, तिचं मधलं नाव ग्वलाडिस. मग थॉमस मर्थर, त्याला तर गावाचंच नाव, आणि घरात त्याला मर्थरच म्हणायचे. त्यानंतर तीन मुलगे, साध्या इंग्रजी नावांचे. मग १८४३ मध्ये मेरी एनिड. १८४४ मध्ये कॉन्स्टन्स ऱ्हियानन. आणि शेंडेफळ ब्लांश.

बघा कसं आहे ते. मुलींच्या बाबतीत पुढे मेरी, कॅथरिन, कॉन्स्टन्स. म्हणजे चारचौघांत, लंडनच्या दिवाणखान्यात, लग्नाच्या बाजारात चालतील अशी नावं. आणि मागे, मधल्या घरात, वेल्श नाव. आपल्याकडे पूर्वी देवाचं नाव पाळण्यात ठेवायचे आणि हाक मारायला दुसरंच असायचं, त्याची आठवण झाली मला.

ती वेल्श नावं काही ऐकायला गोड वाटली म्हणून उचललेली नव्हती. ग्वलाडिस हे जुन्या राजकन्यांचं आणि संतांच्या आयांचं नाव. त्यात वेल्श माणसाला 'ग्वलाड' म्हणजे देश हा शब्द ऐकू येतो. एनिडची गोष्ट तिने १८४० मध्ये छापली होती, लेक व्हायच्या तीन वर्षं आधी. गरीब झालेल्या सरदाराची ही मुलगी, फाटक्या कपड्यांतली. गेराइंट नावाचा वीर तिच्याशी लग्न करतो. पुढे त्याच्या मनात संशय शिरतो. तो तिला सगळ्यांत जुना पोशाख घालायला लावतो, घोड्यावरून पुढे पाठवतो आणि बजावतो की मी विचारल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. वाटेत दरोडेखोर दबा धरून बसलेले तिला दिसतात. बोलावं तर नवऱ्याचा हुकूम मोडतो, गप्प राहावं तर त्याचा जीव जातो. ती बोलते. तो तिलाच रागावतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी ती बोलतेच. मला ही एनिड फार आवडली. निमूट सोसणारी म्हणून तिची कीर्ती, पण गोष्ट नीट वाचली तर ती हुकूम मोडणारी आहे!

आणि ऱ्हियानन. ही पहिल्यांदा येते तीच मुळी पांढऱ्या घोड्यावरून, सोनेरी वस्त्र नेसून, संथ चालीने. पुइल नावाचा राजा तिच्यामागे माणसं पाठवतो. घोडे कितीही पळवले तरी ती तेवढीच पुढे, आणि तिची चाल मात्र तीच संथ. तीन दिवस हा खेळ चालतो. शेवटी राजा स्वतः पळून पळून थकतो आणि हाक मारून तिला थांबण्याची विनंती करतो. ती लगेच थांबते आणि म्हणते की हे आधीच विचारलं असतं तर बिचाऱ्या घोड्याचे हाल वाचले असते.

लग्न होतं, मुलगा होतो. त्याच रात्री तो पाळण्यातून नाहीसा होतो. राखणीला बसलेल्या सहा बायका झोपलेल्या असतात. शिक्षेच्या भीतीने त्या कुत्रीच्या पिल्लांचं रक्त झोपलेल्या ऱ्हियाननच्या तोंडाला फासतात आणि हिनेच आपलं बाळ खाल्लं अशी आवई उठवतात. शिक्षा काय, तर सात वर्षं वेशीपाशी बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या अपराधाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायची आणि त्याला पाठीवर घेऊन वाड्यापर्यंत न्यायची तयारी दाखवायची. बहुतेक लोक पाठीवर बसत नसत, असंही गोष्टीत आहे. तेवढी माणुसकी बरी म्हणायची.

बाळ जिवंत असतं. दूरच्या एका सरदाराच्या घरी वाढत असतं. चेहऱ्यावरून ओळख पटते आणि ते तिला परत मिळतं. त्या क्षणी ती म्हणते की चला, माझी काळजी मिटली. वेल्श भाषेत काळजीला 'प्रडेर' म्हणतात. तिथे असलेला एक वडीलधारा म्हणतो की मग हेच याचं नाव, प्रडेरी. सांभाळणाऱ्यांनी मुलाला दुसरं नाव दिलेलं असतं, ते बाजूला पडतं आणि आईच्या तोंडून निघालेल्या शब्दाचं नाव कायम होतं.

याच ग्रंथात आणखी एका आईची गोष्ट आहे, आरियानऱ्होडची. ती रागाने ठरवते की मी ठेवल्याशिवाय माझ्या मुलाला नाव मिळायचं नाही. आणि मग खरंच कुणाला ठेवता येत नाही! मुलाच्या मामाला मोच्याचं सोंग घेऊन, तिला फसवून, तिच्याच तोंडून नाव वदवून घ्यावं लागतं. म्हणजे नाव ठेवण्याचा हक्क आईचा, हे त्या गोष्टींत इतकं पक्कं आहे की तो चुकवायला कपट करावं लागतं. इंग्लंडच्या कायद्यात त्या काळी लग्न झालेल्या बाईच्या नावावर पैसाअडका राहत नसे, मुलांवरही हक्क बापाचा. आणि ही बाई बसून असल्या गोष्टी भाषांतरित करत होती. तिच्या घरात नावं नेमकी कुणी ठरवली याबद्दल मी पैज लावणार नाही. पण एनिड आणि ऱ्हियानन ही नावं कुणाच्या टेबलावरून पाळण्यात गेली असतील, हे काय सांगायला हवं?

एक मात्र मला खुपलं, तेही सांगते. १८३८ मध्ये तिने ग्रंथ अर्पण केला तो आयव्हर आणि मर्थर या दोन लहान मुलग्यांना. तुम्ही या भूमीचे आहात, तिच्या थोर परंपरेला शोभा, अशा अर्थाचं त्यात आहे. तेव्हा मरिया चार वर्षांची होती, कॅथरिन एक वर्षाची. दोघींचा उल्लेख नाही. मर्थर तर जेमतेम सात महिन्यांचा! इतकी शिकलेली बाई, पण अर्पणपत्रिकेत मुलगेच. नावांच्या बाबतीत मात्र गोष्टींतल्या बायका मुलींच्या वाट्याला आल्या.

आणि हे सगळं कोणत्या दिवसांत? त्या काळात वेल्समध्येच वेल्श नावं ओसरली होती. चर्चच्या वह्यांत बघावं तर पानंच्या पानं मेरी, ॲन, एलिझाबेथ, मार्गारेट. १८४७ मध्ये तर लंडनच्या सरकारने वेल्समधल्या शाळांचा एक अहवाल काढला. तपासणीला पाठवलेल्या तिघा साहेबांना वेल्श येत नव्हतं. त्यांनी लिहिलं की ही भाषाच लोकांच्या मागासपणाचं कारण आहे, आणि तिथल्या बायकांच्या चालचलणुकीवरही शिंतोडे उडवले. त्या निळ्या पुठ्ठ्याच्या अहवालाचा राग तिथे अजून गेलेला नाही. कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. अशा वेळी मालकाच्या वाड्यातल्या पाळण्यात ऱ्हियानन होती.

पण वाड्याबाहेरचंही सांगायला हवं, नाहीतर चित्र खोटं होईल. ज्या साली तीन खंड निघाले त्याच १८४९ साली मर्थर-डाउलिसमध्ये कॉलऱ्याने हजाराहून जास्त माणसं गेली. कामगारांच्या वस्तीत गटारं नाहीत, प्यायला धड पाणी नाही. कारखान्याच्या मालकांकडे बोट दाखवलं गेलं, आणि ते चुकीचं नव्हतं. शार्लटने कामगारांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, त्यात तिने मनापासून लक्ष घातलं, हे खरं. पण १८५२ मध्ये नवरा वारला, कारखाना तिच्या हाती आला, आणि पुढच्याच वर्षी कामगारांनी मजुरीसाठी संप केला, तेव्हा ती इतर मालकांसारखीच ताठ राहिली. भट्ट्या थंड पडल्या तरी चालतील, पण नमणार नाही. तेव्हाच्या जगात एवढा मोठा लोखंडाचा कारखाना चालवणारी बाई म्हणून तिचं कौतुक होतं. संपातल्या बायकांनी घरात चूल कशी पेटवली असेल, हेही माझ्या मनात आलं.

१८५५ मध्ये तिने दुसरं लग्न केलं. थोरल्या मुलाचे शिक्षक चार्ल्स श्रायबर, तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. दहा मुलांची आई, त्रेचाळिशीला टेकलेली. लोकांनी काय काय म्हटलं असेल, तुम्हीच कल्पना करा. कारखान्यातून ती बाजूला झाली. नवराबायको युरोपभर हिंडत जुन्या चिनी मातीच्या वस्तू गोळा करू लागली. १८८४ मध्ये श्रायबर गेले. तिने तो सगळा संग्रह त्यांच्या आठवणीसाठी लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाला देऊन टाकला. हातपंखे आणि पत्त्यांचे जोड ब्रिटिश म्युझियमला गेले. म्हातारपणी नजर अधू झाली, वाचणं सुटलं, तेव्हा ती लंडनच्या घोडागाडीवाल्यांसाठी लोकरीचे लाल गळपट्टे विणत बसायची. १५ जानेवारी १८९५ रोजी ती वारली.

मुलींच्या मधल्या नावांचं काय झालं? एनिड हे नाव पुढे आलं. मेरी मागे पडली आणि तिला सगळे एनिडच म्हणू लागले. १८६९ मध्ये पंचविसाव्या वर्षी तिने बावन्न वर्षांच्या सर हेन्री लेयार्डशी लग्न केलं. प्राचीन ॲसिरियाची शहरं खणून काढणारे ते प्रसिद्ध संशोधक, आईच्या नात्यातलेच. आईसारखाच वयातला फरक! नवऱ्याने सापडलेल्या ॲसिरियन मुद्रांचा तिला हार घडवून दिला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गळ्यात इराकच्या मातीतले खडे, आणि नाव वेल्सच्या गोष्टीतलं.

हे नाव घराबाहेरही पडलं. कवी टेनिसनने शार्लटच्या भाषांतरातून एनिडची गोष्ट घेतली आणि १८५९ मध्ये काव्य छापलं. ते घरोघरी वाचलं गेलं. त्यानंतर इंग्लंडमध्ये एनिड नावाच्या मुली दिसू लागल्या. १८९७ मध्ये लंडनमध्ये अशीच एक एनिड जन्मली, तिचं आडनाव ब्लायटन. हो, आपल्या मुलांनी जिच्या साहसकथांचा फडशा पाडला, तीच! हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा जरा नरमली. कारण माझ्या भाचीने सातवी-आठवीत त्या पुस्तकांपायी गणिताच्या पेपराची वाट लावली होती, आणि वेल्सचं नाव आपल्या घरात तेव्हाच येऊन गेलं होतं, याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

ऱ्हियानन मात्र कागदातच राहिली. त्या मुलीला जग कॉन्स्टन्स म्हणूनच ओळखत राहिलं. वेल्समधल्या मुलींना हे नाव सर्रास ठेवायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि १९७५ मध्ये एका प्रसिद्ध बँडचं त्याच नावाचं गाणं आल्यावर तर ते जगभर गेलं. ऑलवेन, ब्रानवेन ही नावंही त्याच ग्रंथातली. ऑलवेन चालली की तिच्या पावलांत चार पांढरी फुलं उमलायची. ब्रानवेनची गोष्ट ऐकून तर ताईने डोळे पुसले. आयर्लंडला दिलेली मुलगी, सासरच्यांनी स्वयंपाकघरात राबायला टाकली, खाटीक रोज येऊन तिच्या कानशिलात मारायचा. तिने साळुंकीच्या कुळातलं एक पाखरू परातीच्या काठावर पाळलं, त्याला बोलायला शिकवलं आणि तीन वर्षांनी त्याच्या पंखाखाली चिठ्ठी बांधून माहेरी निरोप धाडला. ही गोष्ट मराठीत असती तर तिच्यावर ओव्या झाल्या असत्या.

जाता जाता एक, कुणाची लेक-सून तिकडे असेल तर उपयोगी पडेल. वेल्श मुलींच्या नावांत शेवटी 'वेन' येतं, त्याचा अर्थ पांढरी, पवित्र. आपली गौरी किंवा श्वेता म्हणा ना. मुलग्यांच्या नावांत ते 'विन' होतं. इंग्रजीत लिहिताना एका अक्षराचाच फरक, तेव्हा नोंद करताना जपून!

आमच्याकडे एकेचाळिसाव्या दिवशी नोंद झाली. भाचीने पहिलं नाव ऱ्हियाननच लिहिलं, मधे नाही ढकललं. मधलं नाव गौरी, आजीने पाळण्यात ठेवलेलं. उच्चाराच्या बाबतीत तर ताईचीच जीत झाली. तिकडच्या बऱ्याच इंग्रजांना तो सुरुवातीचा ऱ्ह जमत नाही, ते नुसता 'र' म्हणून सोडून देतात. ऱ्हास म्हणून म्हणून तयार झालेली मराठी जीभ तो जवळपास बरोबर काढते. व्हिडिओ कॉलवर शेजारच्या त्या म्हाताऱ्या बाईंनी ताईची पाठ थोपटल्यासारखं केलं म्हणे.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. नातीला झोपवताना ती ऱ्हियाननची गोष्ट सांगते आता, मराठीतून. तिला एकच विचारायचं होतं. बाळ परत मिळालं, सगळं झालं, पण त्या खोटं बोलणाऱ्या सहा बायकांना पुढे शिक्षा काय झाली? मी म्हटलं, ताई, गोष्टीत ते दिलेलंच नाही. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की ती तिच्या गोष्टीत त्यांना सोडणार नाही.